नऊ थरांची संख्या

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपती हा चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती. आपल्या उत्सवात कलांची सेवा दरवर्षी भरपूर होते. गाणी होतात, नाटुकली होतात, मोदकांच्या स्पर्धेत तर परीक्षकांचेच हाल होतात. विद्येच्या वाट्याला मात्र बहुधा बक्षीस समारंभाची अर्धी संध्याकाळ येते. यंदा एक पूर्ण संध्याकाळ गणिताला द्यायची असे ठरले आणि रविवारी सकाळी मंडळाच्या जागेत मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आम्हा पाच-सहा जणांवर ती जबाबदारी आली. 'गणित' हा शब्द ऐकून मागच्या रांगेतली काही मंडळी चहाची व्यवस्था पाहायला उठतील, अशी आम्हाला धास्ती होती. म्हणून आम्ही एक युक्ती केली. अख्खे गणित आणलेच नाही. फक्त एक संख्या आणली आहे. ती मागच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिली आहे:

१२३४५६७८९८७६५४३२१

एकपासून नऊपर्यंत चढायचे आणि नवावरून पुन्हा एकपर्यंत उतरायचे. सतरा अंक. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तीच संख्या. ती मोजायला बसलो आणि दर सेकंदाला एक या वेगाने न थांबता मोजत राहिलो, तर सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील.

आधी हिचे नाव काय, ते बघू. कोटींच्या हिशेबात वाचायची तर 'एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चौपन्न हजार तीनशे एकवीस' असे म्हणावे लागते. म्हणजे कोटीचेही कोटी. पण आपल्या पूर्वजांना असे दोनदा 'कोटी' म्हणावे लागत नव्हते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त अठरा स्थानांना अठरा नावे दिलेली आहेत. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. आपल्या संख्येत सतरा अंक आहेत, म्हणून तिचा सगळ्यात डावीकडचा एक 'मध्य' या स्थानावर बसतो. आणि बरोबर मधला जो नऊ आहे तो 'अर्बुद' स्थानावर. पुढे फक्त परार्ध उरतो.

भास्कराचार्यांचे नाव इथे घेताना आपल्याला जरा जास्त आनंद व्हायला हरकत नाही. उधना, लिंबायत, डिंडोलीतली आपली कितीतरी कुटुंबे मूळची खानदेशातली. ताप्ती खोऱ्याच्या गाडीने अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत आपले आजोबा-पणजोबा उधन्याला उतरले. त्याच खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण इथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ स्थापन केला, असे त्यात कोरलेले आहे. ही गोष्ट तेराव्या शतकाच्या आरंभीची. पाटणादेवीला आपण दर्शनाला जातो, तेव्हा आणखी एक नमस्कार त्या गणिताच्या मठालाही करावा.

आता संख्येच्या पोटात शिरू. ही कुठून आली? अगदी साध्या गुणाकारातून.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असे एक-एक वाढवत गेलो की नऊ एकांचा वर्ग येतो, म्हणजे १११११११११ गुणिले १११११११११. तीच आपली फळ्यावरची संख्या. असे का होते ते पाहायला १११ चा गुणाकार शाळेत मांडतो तसा मांडू:

एकदा १११
मग एक घर डावीकडे सरकवून १११
मग आणखी एक घर सरकवून १११

आता उभ्या रांगा मोजा. शेवटच्या घरात एकच एक आहे. त्याच्या डावीकडे दोन एक एकाखाली एक आले. मधल्या घरात तीन. मग पुन्हा दोन, पुन्हा एक. बेरीज १२३२१. दहीहंडीला गोविंदा पथक उभे राहते, तेच हे दृश्य. मध्ये सगळ्यात उंच, दोन्ही बाजूंना उतरते. नऊ एकांच्या वेळी मध्ये नऊ जण एकावर एक उभे राहतात. म्हणून आम्ही मुलांना सांगताना हिला 'नऊ थरांची संख्या' म्हणतो.

पण या संख्यांना आमच्याआधी एका मराठी माणसाने नाव देऊन ठेवले आहे. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. उधन्याहून मुंबईला जाताना वापी ओलांडली की थोड्या वेळाने डहाणू रोड लागते, तेच डहाणू. आई लहानपणीच गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद, त्यामुळे घरात आकडेमोड होतीच. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचे फर्ग्युसन. तिथे १९२७ साली त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले आणि मग पुढची पदवी नाही, विद्यापीठातली नोकरी नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर.

अशा गमतीदार संख्यांचा विचार त्यांच्या मनात आला तो डोंबिवली स्टेशनावर. त्या स्टेशनावरूनच त्यांनी संख्यांचे नाव ठेवले, 'डेम्लो संख्या'. कुणी आपल्या शोधाला राजाचे नाव देतो, कुणी स्वतःचे. ह्यांनी रेल्वे स्टेशनाचे दिले. रोज उधना स्टेशनावरून गाडी पकडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. फलाटावर गाडीची वाट पाहण्यात गेलेला वेळ वाया जातोच असे नाही.

डेम्लो संख्येची खूण अशी. संख्येचे तीन तुकडे करायचे. मधल्या तुकड्यात एकच अंक असतो, तो एकदा येवो की अनेकदा. डावा आणि उजवा तुकडा यांची बेरीज केली की सगळीकडे तोच मधला अंक उमटतो. १२३२१ घ्या. डावीकडे १२, मध्ये ३, उजवीकडे २१. बारा आणि एकवीस तेहेतीस. मधला अंकही तीनच. आता फळ्यावरची घ्या. डावीकडे १२३४५६७८, मध्ये ९, उजवीकडे ८७६५४३२१. दोन्हींची बेरीज ९९९९९९९९. आठ नऊ, आणि मध्ये नववा नऊ उभाच आहे. घरी जाऊन वही-पेन्सिल घेऊन करून बघा. हा आनंद मोबाईलवर बटण दाबून येत नाही.

संख्येला ओळखायचे म्हणजे तिला प्रश्न विचारायचे. जितके प्रश्न, तितक्या तिच्या जाती आणि तितकी तिची नावे. कापरेकरांनी स्वतः काही प्रश्न तयार केले आणि जन्मभर ते संख्यांना विचारत राहिले. त्यातले दोन आपण फळ्यावरच्या बाईंना विचारू.

पहिला प्रश्न: तुझ्या अंकांच्या बेरजेने तुला पूर्ण भाग जातो का? जात असेल तर ती 'हर्षद संख्या'. हर्ष देणारी ती हर्षद. नाव त्यांनीच ठेवलेले. परदेशात याच संख्यांना 'निव्हेन संख्या' असेही म्हणतात. गणपतीला आपण २१ दूर्वा वाहतो. दोन आणि एक तीन, तीनने एकवीसला भाग जातो, म्हणजे २१ ही हर्षद संख्या. जपमाळेत १०८ मणी. एक, शून्य, आठ मिळून नऊ. नऊ बारे एकशे आठ. १०८ सुद्धा हर्षद.

आपल्या नऊ थरांच्या संख्येचे काय? तिच्या अंकांची बेरीज करायला बोटे मोडायला नकोत. गुणाकारात नऊ ओळींत प्रत्येकी नऊ एक होते, हातचा कुठेच आला नाही, म्हणून बेरीज नऊ नव्वे एक्याऐंशी. आता ८१ ने भाग जातो का? मूळ १११११११११ मध्ये नऊ एक आहेत, अंकांची बेरीज नऊ, म्हणून तिला नऊने भाग जातो. भागाकार १२३४५६७९ येतो. गंमत बघा, यात बाकी सगळे आहेत, आठ तेवढा रजेवर. मग तिच्या वर्गाला नऊच्या वर्गाने, म्हणजे ८१ ने, भाग जाणारच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१. तेव्हा फळ्यावरची संख्या हर्षद आहे.

आणि तिच्या भावंडांचे? एक थर ते नऊ थर अशा नऊ संख्या आहेत. त्यातल्या किती हर्षद? चार, सहा आणि आठ थरांच्या संख्या नाहीत, कारण त्या विषम आहेत आणि त्यांच्या अंकांची बेरीज सम. दोन थरांची १२१ सुद्धा त्याच कारणाने नाही. पाच थरांची नाही, कारण शेवटी पाच किंवा शून्य नाही. सात थरांची नाही, कारण ११११११११ पेक्षा एक अंक लहान अशा ११११११११च्या धाकट्या बहिणीला, म्हणजे सात एकांना, सातने भाग जात नाही. उरल्या तीन: एक थराची, तीन थरांची आणि नऊ थरांची. एक, तीन, नऊ. रविवारच्या वर्गात सातवीतल्या मुलांनी हे तिघे शोधून काढले तेव्हा त्यांना हर्ष म्हणजे काय ते आम्ही सांगण्याची गरज उरली नाही.

दुसरा प्रश्न जरा खोल आहे: तुझा जन्मदाता कोण? कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ मध्ये एक आणि पाच, म्हणजे सहा मिळवले की २१. म्हणजे २१ चा जनक १५. काही संख्यांना दोन जनक असतात. १०१ ही ९१ पासूनही निघते आणि १०० पासूनही. पण काही संख्या अशा आहेत की त्यांना जनकच नाही. कितीही शोधा, कुठल्याच संख्येत तिचे अंक मिळवून त्या मिळत नाहीत. कापरेकरांनी त्यांना 'स्वयंभू' म्हटले. आपल्याकडे घडवलेली मूर्ती वेगळी आणि स्वयंभू गणपती वेगळा, तसेच हे. देवळालीवरून त्यांना 'देवळाली संख्या' हेही नाव आहे. पुढे कोलंबिया देशातल्या एका गणितज्ञाने याच संख्यांचा प्रश्न १९७४ मध्ये मांडला, म्हणून जगात त्या 'कोलंबियन संख्या' म्हणूनही ओळखल्या जातात. २० स्वयंभू आहे, ३१ आहे, ४२ आहे. आणि आपली १०८ सुद्धा स्वयंभू आहे.

फळ्यावरची संख्या स्वयंभू आहे का? इतक्या मोठ्या संख्येचा जनक शोधायचा म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे, असे वाटेल. पण थोडा विचार केला की गंजी मुठीत मावते. अंक सतरा, प्रत्येक जास्तीत जास्त नऊ, म्हणून जनकाच्या अंकांची बेरीज १५३ च्या वर जाऊच शकत नाही. शिवाय कोणत्याही संख्येला नऊने भागले आणि तिच्या अंकांच्या बेरजेला नऊने भागले तर बाकी सारखीच उरते. आपल्या संख्येला नऊने पूर्ण भाग जातो, म्हणून जनकाच्या अंकांची बेरीजही नऊच्या पाढ्यातलीच हवी. ९, १८, २७ असे करत १५३ पर्यंत. म्हणजे फक्त सतरा तपासण्या! आम्ही त्या वर्गात केल्या. एकेक बेरीज वजा करत गेलो आणि उरलेल्या संख्येचे अंक मिळवत गेलो. दर वेळी उत्तर ८१ किंवा ९० येत होते. आणि नवव्या तपासणीला, म्हणजे ८१ वजा केल्यावर, उरली १२३४५६७८९८७६५४२४०, आणि तिच्या अंकांची बेरीजही नेमकी ८१. जनक सापडला. बाकी सोळा तपासण्या कोरड्या गेल्या, म्हणजे जनक हा एकच.

तेव्हा आपली संख्या हर्षद आहे, पण स्वयंभू नाही. उलट तिचे लहान भावंड १२१ हे स्वयंभू आहे, पण हर्षद नाही. एकाच घरातली दोन भावंडे, स्वभाव किती वेगळे! आपल्या घरांत तरी दुसरे काय असते?

आता याच संख्येला जुने, जगभर विचारले जाणारे प्रश्न विचारू. ती पूर्ण वर्ग आहे, ते कळलेच. तिचे मूळ अवयव कोणते? १११११११११ म्हणजे १११ गुणिले १००१००१. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. ही ३३३६६७ मूळ संख्या आहे, ती आणखी फुटत नाही. वर्ग केला की प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो. म्हणून आपल्या संख्येत तीन चार वेळा, सदतीस दोनदा आणि ३३३६६७ दोनदा. यावरून तिला पूर्ण भागणाऱ्या संख्या मोजता येतात: पाच गुणिले तीन गुणिले तीन, एकूण ४५. हा आकडा विषम आहे, आणि तो विषमच असायला हवा. भागणाऱ्या संख्या जोडीने पंगतीला बसतात, एकाने भागले की दुसरी उत्तर म्हणून समोर येते. फक्त १११११११११ हीच अशी आहे की तिची जोडीदार तीच. ज्या संख्येच्या पंगतीत एक पान एकटे राहते, ती पूर्ण वर्ग.

इथवर सगळे गोडीगुलाबीने चालले. पण उत्साही मुले गप्प बसतात का? दहावा थर लावू या म्हणाली. लावला. दहा एकांचा वर्ग केला:

१२३४५६७९००९८७६५४३२१

थर कोसळले. मध्ये दोन शून्ये, डावीकडचा आठ गायब, उलट वाचले तर वेगळीच संख्या. का? मधल्या घरात दहा एक जमले. एका घरात दहा मावत नाहीत, म्हणून शून्य लिहून हातचा एक शेजारी दिला. शेजारी नऊ होते, त्यांचेही दहा झाले, त्यांनीही हातचा पुढे ढकलला. 'नव्याचे नऊ दिवस' म्हणतात, ते इथे अक्षरशः खरे ठरले.

आणि इथेच कापरेकरांवर होणारा आक्षेप समोर येतो. तो आम्ही लपवणार नाही. त्यांच्या हयातीत बऱ्याच गणितज्ञांनी त्यांचे काम मनावर घेतले नाही. त्यांचे लेख लहानसहान नियतकालिकांत येत किंवा ते स्वतःच छापून घेत. आक्षेप असा की, हे सगळे संख्येचे गुण नाहीत, लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत. माणसाला दहा बोटे आहेत म्हणून आपण दशमान पद्धत वापरतो. आठ बोटे असती तर अष्टमान वापरली असती, आणि तेव्हा फळ्यावरची संख्या वेगळ्याच अंकांत लिहिली गेली असती. तिचे मूळ अवयव तेच राहिले असते, ती पूर्ण वर्गही राहिली असती, पण उलटसुलट सारखी, डेम्लो, हर्षद हे सगळे गेले असते. मग या नावांना अर्थ काय?

आक्षेप पोकळ नाही. उधन्यात राहणाऱ्या आपल्याला तो लवकर कळायला हवा. आपल्या घरात आजी 'एकोणचाळीस' म्हणते, कोपऱ्यावरचा दुकानदार 'ओगणचाळीस' म्हणतो आणि शाळेतून आलेले नातवंड 'थर्टी नाईन' म्हणते. रुपये तेवढेच. बदलते ते नाव. मग आजीच्या 'एकोणचाळीस'चे मोल काय, हा प्रश्न आपण आपल्या मुलांच्या डोळ्यांत रोज वाचतो. एकोणऐंशी म्हटले की त्यांना सत्तर-नऊ की ऐंशी-नऊ ते कळत नाही, आणि पाढे म्हणायला सांगितले की ती आपल्याकडे कीव केल्यासारखी बघतात.

म्हणून आम्ही मुलांबरोबर तो आक्षेप तपासून पाहिला. अष्टमान पद्धत घेतली. तिथे अंक शून्य ते सातच. सातनंतर हातचा. तिथे एकाचे थर रचले. १२१ आले, १२३२१ आले. पद्धत बदलली तरी रचना तीच! कारण थर आपण अंक वाचून नाही रचले, एकाखाली एक आलेले एक मोजून रचले, आणि ते मोजायला दशमान लागत नाही. फक्त तिथे सात थरांवर हंडी फुटते: १२३४५६७६५४३२१. आठवा लावला की कोसळते. ही सात थरांची संख्या डेम्लोही आहे: १२३४५६ आणि ६५४३२१ मिळून ७७७७७७, मध्ये ७. आणि हर्षद? दशमानात १, १०, १०० यांना नऊने भागले की एक उरतो, म्हणून नऊ एकांना नऊने भाग जातो. अष्टमानात प्रत्येक स्थानाला सातने भागले की एक उरतो, म्हणून सात एकांना सातने भाग जातो. अंकांची बेरीज सात सत्ते एकोणपन्नास, आणि तिने वर्गाला पूर्ण भाग जातो. म्हणजे तिथेही सगळ्यात उंच थरांची संख्या हर्षदच. बारा अंकांची पद्धत घ्या, अकरा थर उभे राहतील. बॅबिलोनियातल्या लोकांसारखी साठाची घ्या, एकोणसाठ थर. प्रत्येक घरात हंडीची उंची वेगळी, पण सर्वात वरचा थर लागला की ती संख्या डेम्लो आणि हर्षद असणारच.

म्हणजे आक्षेप घेणाऱ्यांचे अर्धे खरे होते. अंक बदलतात. पण अंकांमागची रीत बदलत नाही, आणि ती रीत शोधायला कुठल्या तरी एका घरात बसूनच सुरुवात करावी लागते. कापरेकर दशमानाच्या घरात बसले, कारण ते त्यांचे घर होते. आम्हाला वाटते, घर सोडून आलेल्या माणसांसाठी याहून चांगला धडा गणितात नसेल. गुजरातच्या मातीत आपल्या मराठीचे काही अंक बदलले, काही थर कमी-जास्त झाले. पण एकाखाली एक माणसे उभी करण्याची रीत आपण टिकवली तर मुले कुठल्याही भाषेच्या घरात गेली तरी ती रचना ओळखतील. त्यासाठी आजीचे 'एकोणचाळीस' घरात ऐकू येत राहिले पाहिजे.

कापरेकरांचे पुढे काय झाले, तेही सांगतो. ज्या एका संख्येमुळे आज त्यांना जग ओळखते, ती ६१७४ त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा आणि वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच आणि मग तिथून हलत नाही. त्यांचे जन्मसाल १९०५ घेऊन पाहा: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. पुरत्या सात पायऱ्या! आणि ६१७४ ही हर्षदही आहे, १८ ने भागली तर ३४३.

मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांवर लिहिले, आणि मग जगभरच्या गणितप्रेमींना देवळालीचा शाळामास्तर कळला. तेव्हा ते सत्तरीचे होते. निवृत्तीनंतर पेन्शन पुरत नसे, म्हणून ते शिकवण्या घेत. १९६६ मध्ये पत्नी गेल्या होत्या. १९८६ मध्ये ते वारले. आज त्यांच्या संख्या जगातल्या पुस्तकांत आहेत आणि संगणक शिकणारी मुले पहिल्याच महिन्यात त्यांच्यावर प्रोग्राम लिहितात. तो माणूस मराठी होता, हे मात्र त्यातल्या आपल्याच मुलांना बहुधा कुणी सांगत नाही. आज आपण सांगितले.

आता बालगोपाळांना गृहपाठ. तुमच्या घराचा नंबर घ्या, बाबांच्या दुचाकीचा घ्या, लूमच्या कारखान्यातून निघालेल्या ताक्यावरचा घ्या. तो हर्षद आहे का, पाहा. त्याचा जनक शोधा. सापडला नाही तर तो स्वयंभू, त्याला हळद-कुंकू लावायला हरकत नाही! आणि हिशेब करताना आजी-आजोबांना शेजारी बसवा. ते अंक मराठीत म्हणतील, तुम्ही तुमच्या भाषेत म्हणा. विसर्जनाच्या आदल्या दिवशी वह्या घेऊन या. ज्याच्या वहीत दोन्ही भाषांतले अंक असतील त्याच्या वाट्याला एक मोदक जास्त.

मोदक किती करायचे ते महिला मंडळाने ठरवले आहे: एकवीस नव्हे, एकशे आठ. हर्षदही आणि स्वयंभूही.

गणपती बाप्पा मोरया!